सकाळची मूठ

सकाळी सहाच्या सुमारास जाग येते तेव्हा मी अंथरुणातच हात हलवून पाहते. बोटे तळहाताकडे कितपत वळतात, अंगठा करंगळीच्या मुळाशी पोहोचतो का, मनगट उशीवरून उचलताना कुठे कळ येते, एवढे तिथेच समजते. मग उठून मागच्या पडवीत जाते. तिथे प्लास्टिकच्या डब्यात, ओल्या सुती फडक्याखाली, आदल्या रात्री मळून आणि तोलून ठेवलेला मातीचा एक गोळा असतो. वजन ३०० ग्रॅम, आकार साधारण टेनिसच्या चेंडूएवढा. चहाच्या आधी, औषधाच्या आधी, कोमट पाण्यात हात बुडवण्याच्याही आधी मी तो गोळा उजव्या हातात घेते, वळेल तेवढी मूठ वळते, मनात १० आकडे मोजते आणि सोडून देते. गोळा फळीवर ठेवायचा आणि खिळ्याने त्याच्या बुडाशी तारीख कोरायची. या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. गेली चार वर्षे माझे बहुतेक शिल्पकाम या दोन मिनिटांभोवती उभे राहिले आहे.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात, पुष्कळदा नुसते संधिवात म्हणूनही सोडून देतात, आणि त्यामुळे तो म्हातारपणी गुडघे झिजल्यावर होणारा आजार आहे असा समज पक्का होतो. मला तो ३४ व्या वर्षी झाला. सांध्यांच्या आतल्या बाजूला सायनोव्हियम नावाचे एक पातळ अस्तर असते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच त्या अस्तरावर चाल करून जाते, अस्तर सुजून जाड होते आणि वेळीच आवर घातला नाही तर शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडू लागते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये याचे प्रमाण दोन ते तीन पट असते. दुखणे बहुधा दोन्ही हातांत सारखेच येते, आणि सर्वांत वाईट वेळ सकाळची असते, कारण रात्रभर न हललेले सांधे आखडतात आणि ते सैल व्हायला कधी एक तास लागतो, कधी तीन. एक गोष्ट मात्र शिल्पकार म्हणून मला फार उशिरा लक्षात आली. हा आजार बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे धरतो, पण अगदी टोकाचे सांधे बहुतेक वेळा सोडून देतो. मूठ जाते, चिमूट राहते.

त्याआधी माझे सगळे काम मुठीचे होते. मी पेणची. आमच्या घराला लागूनच काकांचा गणपतीचा कारखाना होता. पेणमध्ये त्याला कारखानाच म्हणतात, मग तिथे चार माणसे काम करत असोत की चाळीस. होळी झाली की गुजरातहून आलेल्या शाडूच्या गोणी भिंतीला लागत आणि भाद्रपदापर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढुरकी भुकटी बसलेली असे. काका स्वतः शेवटची डोळ्यांची आखणी करत आणि तेव्हा कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नसे. शाळेत असताना त्यांनीच मला अलिबागजवळच्या सासवण्याला नानासाहेब करमरकरांचे शिल्पालय दाखवायला नेले होते. तिथली आपल्या गावातल्या माणसांसारखी दिसणारी माणसे पाहून, आणि पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळाही याच माणसाने घडवला हे काकांकडून ऐकून, शिल्प म्हणजे आवाका अशी एक समजूत माझ्या मनात घट्ट बसली. पुढे मुंबईला जे.जे.मध्ये शिल्पकला शिकताना आणि नंतर दहा वर्षे मी तोच आवाका धरून चालले. लोखंडी सळ्यांचे आर्मेचर, म्हणजे शिल्पाचा आतला सांगाडा, वाकवायचे, त्यावर दीडशे-दोनशे किलो माती चढवायची, साचा घ्यायचा, ओतकाम करायचे. मध्ये मध्ये छिन्नी-हातोडी घेऊन दगडाकडे वळायचे. हात हे साधन आहे आणि ते कायम असणार, याचा मी कधी विचारही केला नव्हता.

सुरुवात पावसाळ्यात झाली. अंगठी निघेना. मग एके दिवशी छिन्नीवर हातोडी मारताना हातोडीच गळून पडली, आणि ती पडल्याचे मला आवाजावरून कळले. ज्या डॉक्टरांकडे आधी गेले त्यांनी ही चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी असावी असे सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या, आणि गावात तेव्हा ताप बराच होता म्हणून मलाही ते पटले. असे आठ महिने गेले. नंतर मुंबईत सांधेविकारतज्ज्ञांनी रक्त तपासले, अँटी-सीसीपी, म्हणजे या आजाराची खूण असलेली प्रतिपिंडे, भरपूर वाढलेली निघाली आणि मेथोट्रेक्झेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या, मग फॉलिक अॅसिड, आणि गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी येणारी मळमळ. ते आठ महिने लवकर पकडले असते तर उजव्या हाताच्या दोन बोटांचे वाकणे टळले असते का, हा प्रश्न मी डॉक्टरांना एकदाच विचारला. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

घरात त्या काळात एक वाक्य वारंवार ऐकू येई: झाकली मूठ सव्वा लाखाची. आईचे म्हणणे असे की आजाराचे नाव नातेवाइकांत काढू नये, लोक विचारतात, कीव करतात, नाही ते उपाय सुचवतात. तिचा हेतू मला सांभाळण्याचाच होता. पण तेव्हा मला साधी वाटी धरता येत नव्हती, आणि ज्या बाईची मूठच वळत नाही तिने ती झाकायची कशी, हा विचार मनात यायचा आणि रडू यायचे. दोन वर्षे मी कामाला हात लावला नाही. हे वाक्य मराठीत किती सहज लिहिले जाते, आणि माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते.

पहिली मूठ अपघातानेच घडली. फिजिओथेरपिस्टने व्यायामासाठी एक स्पंजचा चेंडू दिला होता. सकाळ-संध्याकाळ तो दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा. मी तो महिनोन्‌महिने इमाने दाबला, आणि प्रत्येक वेळी सोडला की चेंडू पुन्हा जसाच्या तसा गोल. माझ्या हाताने त्या क्षणी किती कष्ट केले, काल किती जमले होते आणि आज किती कमी, यातले काहीही त्या चेंडूत राहत नसे. त्याच सुमारास तपासणीला गेले की दर वेळी तोच प्रश्न असे: शून्य ते दहा या पट्टीवर आज दुखणे किती? मी कधी सहा म्हणे, कधी सात, आणि घरी परतताना रेल्वेत बसून विचार करी की गेल्या महिन्यातले सहा आणि आजचे सहा एकच होते का. एका सकाळी चेंडू सापडेना म्हणून मी कारखान्यात गेले आणि काकांच्या घमेल्यातला शाडूचा गोळा उचलून दाबला. सोडला, तर गोळ्यावर माझा हात होता. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या दोन उथळ खाचा, अनामिकेचा नुसता ओरखडा, करंगळी मुळीच टेकलेली नाही, आणि अंगठ्याचा एक खोल, तिरका खड्डा, कारण बाकीची बोटे जे करत नव्हती ते सगळे अंगठा करत होता. काका शेजारी उभे होते. त्यांनी तो गोळा हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "हे मोडू नको, वाळव."

शाडू भाजायची माती नाही. गणपती कच्चाच असतो, त्याला पाण्यात विरघळायचे असते, आणि त्या कामासाठी तिच्यासारखी माती नाही. माझ्या मुठी मात्र टिकायला हव्या होत्या. महिनाभराच्या तीसेक शाडूच्या मुठी हाताळता हाताळता कडांना झडू लागल्या तेव्हा मी टेराकोटाकडे वळले, आणि पहिल्याच भट्टीत चांगला धडा मिळाला. पोकळ भांडे आणि भरीव गोळा यांत फार फरक आहे. गोळा बाहेरून खडखडीत वाळलेला दिसतो पण गाभ्यात ओल राहते, भट्टी १०० अंशांच्या वर गेली की त्या ओलीची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती गोळा फोडून बाहेर पडते. मी घाई केली होती. रात्री भट्टीतून बंद दाराआड फुटण्याचे आवाज येत राहिले आणि मी ते बाहेर बसून मोजले. ४० मुठींपैकी १७ गेल्या. फुटलेल्या मुठींचे तुकडे मी टाकले नाहीत, कारण त्या सकाळी परत येणार नव्हत्या. ते तारखेनुसार पुड्यांत बांधून ठेवले आहेत. आता गोळ्याच्या बुडातून विणकामाच्या सुईने गाभ्यापर्यंत एक भोक पाडते, कोकणातल्या हवेत महिना-दीड महिना सावलीत वाळवते, आणि भट्टी आधी ८०-९० अंशांवर रात्रभर नुसती धुमसत ठेवते. मग सावकाश ९५० पर्यंत.

भाजल्यावर माती आटते. वाळताना थोडी, भट्टीत थोडी, मिळून दहाव्या हिश्शाच्या आसपास. ३०० ग्रॅमचा गोळा सव्वादोनशेच्या जवळ येतो. त्यामुळे भाजून आलेल्या मुठीत माझीच बोटे नीट बसत नाहीत, खाचा अरुंद झालेल्या असतात. एकदा माझी १२ वर्षांची भाची फळीवरच्या मुठी एकेक करून हातात घेत होती आणि तिने एकदम सांगितले, "मावशी, ही मला बरोब्बर बसते." मी पाहिले तर तिची बोटे माझ्या बोटांच्या जागी चपखल बसली होती, आणि ती बसावीत म्हणून तिला आपली मूठ अर्धवट उघडी ठेवावी लागत होती. करंगळी हवेत. माझा हात सकाळी कसा असतो हे मी तोपर्यंत कोणालाही सांगू शकले नव्हते, नवऱ्यालाही नाही. तिच्या हाताने ते काही क्षण जसेच्या तसे धरले. प्रदर्शनात मुठी काचेत न ठेवता उघड्या फळ्यांवर, हातात घेता येतील अशा मांडायच्या, हे मी त्या दिवशी ठरवले.

वर्ष पूर्ण झाल्यावर ३६५ मुठी एका खोलीत जमिनीवर ओळीने मांडून पाहिल्या. रोज एक एक करताना जे दिसले नव्हते ते दिसू लागले. नवे औषध लागू पडायला साधारण तीन महिने लागले होते, आणि त्या तीन महिन्यांत खाचा थेंबाथेंबाने खोल होत गेलेल्या होत्या. थंडीत एका तापानंतर आजार उसळला होता, तिथे अकरा दिवस जवळजवळ गुळगुळीत गोळे. आणि इथेच मला कामाबद्दल सर्वांत अवघड वाटलेली गोष्ट समोर आली. जे पाहायला येत ते नेमके हेच गुळगुळीत, गोल गोळे उचलत. ते हातात छान बसतात, नदीतल्या गोट्यासारखे वाटतात. ज्या सकाळी माझ्या हाताला मातीवर काहीच उमटवता आले नाही त्या सकाळींचे ते गोळे होते, आणि सगळ्या खोलीत देखणे तेच होते. चांगल्या दिवसांच्या मुठी ओबडधोबड, पिळवटलेल्या, दुखऱ्या दिसतात. लोकांनी त्या पाहून हळहळावे आणि गोल गोळे कुरवाळावेत, हे पहिल्यांदा मला सहन झाले नाही. खाली पाटी लावून समजावून सांगावे असे वाटले. पाटी लिहिलीही. नंतर काढून टाकली, कारण आजारही असाच असतो. ज्या दिवशी मी सर्वांत कमी हालचाल करते त्या दिवशी लोक म्हणतात, आज तू किती शांत, किती बरी दिसतेस. कामाने तेवढे खरे सांगितले होते, आणि ते खरे मलाच आधी पचवायला हवे होते. आता फक्त तारखा आहेत. कोणी विचारले तर सांगते.

आजारातून शिल्प करायचे म्हणजे वेदनेचे चित्र काढायचे, वेडावाकडा देह, उघडे तोंड, ताणलेल्या नसा, अशी एक वाट असते आणि मी ती सुरुवातीला चाचपून पाहिली होती. मातीत दोन-तीन डोकी केली. ती खोटी वाटली. मग मला पोलंडची शिल्पकार अलिना शापोच्निकोव्ह पुन्हा आठवली, जिचे काम मी विद्यार्थिदशेत केवळ पुस्तकातल्या छायाचित्रांत पाहिले होते. नाझी छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या या बाईला १९६९ साली स्तनाचा कर्करोग निघाला. १९७१ मध्ये तिने गाठींनाच माणसांचे रूप दिले: पॉलिएस्टर रेझिन, गॉझ आणि कागद यांचे जमिनीवर ठेवायचे गोळे, आणि त्या गोळ्यांतून वर आलेला तिचा स्वतःचा चेहरा. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, ती वारली. विद्यार्थी असताना ते काम मला भीतिदायक वाटले होते. आता त्यातली नेमकी गोष्ट कळते. तिने गाठीला शत्रू म्हणून घडवले नाही. जी वस्तू आपल्या शरीरात आपल्याच पेशींतून वाढते आहे, तिला आपला चेहरा असणारच, इतके सरळ ते विधान आहे. माझे स्वतःचे अस्तर माझ्यावर उलटले आहे हे मला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले होते, पण समजले ते त्या छायाचित्रांकडे परत गेल्यावर.

दुसरे नाव सोमनाथ होर यांचे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेला हा कलावंत १९७० च्या दशकात 'जखमा' या मालिकेपाशी आला. मातीच्या सपाट थरावर सुरीने घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबून ठसा काढायचा. पांढऱ्यावर पांढरे. रंग नाही, आकृती नाही, फक्त पृष्ठभाग फाटलेला. यात देह कुठेही दिसत नाही आणि तरी आपला हात आपोआप मागे सरतो. माझ्या मुठी त्यांच्या कामाच्या आसपासही नाहीत, पण जे घडले त्याचा ठसा पुरेसा असतो, घडणाऱ्याचे चित्र काढायची गरज नसते, ही हिंमत मला त्यांच्यामुळे आली. साहित्याबाबत मात्र मी शापोच्निकोव्हच्या वाटेने गेले नाही. रेझिन आणि पॉलिएस्टरच्या वाफांनी फ्रान्सची शिल्पकार निकी द सँ फाल हिची फुप्फुसे कायमची दुबळी केली, आणि मी तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेते. सुक्या मातीची धूळसुद्धा मी झाडूने उडवत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेते. ज्यांना असाच काही आजार आहे आणि जे माती हाताळतात त्यांनी एवढे तरी पाळावे.

आईने मात्र माझ्या कामाच्या आधीच तिचे शिल्प देऊन टाकले होते, आणि ते मला बरेच नंतर कळले. निदान झाले त्या वर्षी सप्टेंबरात ती एकटी एस.टी. आणि लोकल करून वांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला गेली होती. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी ही जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. टेकडीवर चढताना दोन्ही बाजूंना दुकानांत मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात: हात, पाय, डोळे, तान्ही मुले, घरे. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे असते ते त्याने विकत घेऊन वाहायचे. आम्ही हिंदू आहोत, पण त्या चढावर असा हिशेब कोणी करत नाही. आईने मेणाचे दोन हात घेतले, एक वाहिला आणि दुसरा पिशवीत घालून घरी आणला. का, असे विचारले तर म्हणाली, "एक देवीला दाखवायला आणि एक तुला परत द्यायला." तो हात आजही देव्हाऱ्याच्या कप्प्यात आहे. साच्यातून निघालेला, पिवळसर, पाचही बोटे सरळ आणि जुळलेली, नखे नीट दाखवलेली. कारागिरी म्हणून पाहिले तर त्यात फार काही नाही. पण आजारातून निघालेले शिल्प आमच्या लोकांना नवीन नाही, ते टेकडीवर दर वर्षी हजारोंनी विकले जाते, हे त्या हाताने मला दाखवले. फरक एवढाच की नवसाचा हात बरा झालेला हात असतो. माझ्या मुठी त्या त्या सकाळी हात जसा होता तशाच आहेत. मी तो मेणाचा हात आणि माझी सर्वांत गोल मूठ एकदा शेजारी ठेवून पाहिली आणि मग दोन्ही आपापल्या जागी परत ठेवली. त्यांना एकत्र मांडणे मला योग्य वाटले नाही. तो हात आईचा आहे.

मुठींनंतरचे काम 'अठ्ठावीस'. सांधेविकारतज्ज्ञ आजाराचा जोर ठरवताना २८ सांधे तपासतात: दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाचे १० आणि मधले १०, अंगठ्याचे त्यातच धरून, आणि दोन गुडघे. प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबायचा. किती दाबायचा याचा ठरलेला नियम आहे: तपासणाऱ्याच्या नखाचा रंग पांढरा पडेपर्यंत. हे मला डॉक्टरांनीच एकदा सांगितले, आणि मी त्यांच्या अंगठ्याकडे आमच्या धंद्यातल्या माणसाच्या अंगठ्याकडे पाहावे तशी पाहू लागले. माती चढवताना आम्हीही दाब असाच नखावरून ओळखतो. मी त्यांना विचारले की तपासणीच्या वेळी त्यांचा अंगठा आणि माझा सांधा यांच्यामध्ये मातीची पातळ चकती ठेवू दिली तर चालेल का. ते हसले नाहीत. म्हणाले, "ओपीडी संपल्यावर या, गडबडीत नको." मी २८ चकत्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यातून नेल्या. त्यांनी नेहमीच्या क्रमाने एकेक सांधा दाबला, मी नेहमीप्रमाणे 'दुखते' किंवा 'नाही' म्हणाले, आणि प्रत्येक चकती उचलून बाजूला ठेवली. एका बाजूला त्यांच्या अंगठ्याच्या रेषा, दुसऱ्या बाजूला माझ्या सांध्याचा उंचवटा. गुडघ्यांच्या चकत्या रुंद आणि पसरट, बोटांच्या तर शिंपल्यांएवढ्या. भाजल्यावर त्या उजेडाकडे धरल्या की कुठे कुठे इतक्या पातळ आहेत की हातात घ्यायला भीती वाटते.

या कामाबद्दल मला अजून बोलायला नीट शब्द सापडलेले नाहीत. त्या २८ चकत्यांत ११ दुखऱ्या सांध्यांच्या आहेत, आणि त्या ११ कोणत्या हे चकतीवरून सांगता येत नाही. दाब सगळीकडे सारखा होता. डॉक्टरांनी काम चोख केले, मातीने चोख उतरवून घेतले, आणि वेदना त्या दोन पृष्ठभागांच्या मधून निसटून गेली. मुठींमध्ये निदान तिचा परिणाम पकडता आला होता. इथे तोही नाही. तरी मला 'अठ्ठावीस' हे माझे सर्वांत प्रामाणिक काम वाटते, कारण त्या खोलीत दर तीन महिन्यांनी आमच्या दोघांमध्ये जे असते ते तेवढेच असते, एका नखाच्या जाडीचे, आणि दोघेही आपापल्या बाजूने ते जपून हाताळत असतो.

आता मोठी कामे मी एकटी करू शकत नाही. माती मळायला, भट्टी भरायला, साचे उचलायला काकांच्या कारखान्यात वाढलेला एक मुलगा मदतीला आहे. तो मला ताई म्हणतो आणि माझ्या हाताकडे बघूनच ओळखतो की आज कोणते काम काढायचे. चित्रकार रन्वार यांनाही हाच आजार होता. बोटे इतकी वाकली होती की ब्रश दुसऱ्याने हातात द्यावा लागे, आणि १९१३ पासून काही वर्षे त्यांनी रिशार गिनो या तरुण शिल्पकाराकडून शिल्पे घडवून घेतली: सांगणारे रन्वार, हात गिनोचे. ती शिल्पे अनेक वर्षे एकट्या रन्वार यांच्या नावाने चालली. पुढे गिनोने न्यायालयात दाद मागितली आणि १९७३ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात तो त्या शिल्पांचा सहनिर्माता असल्यावर शिक्कामोर्तब झाले. हे वाचल्यापासून ज्या कामावर त्या मुलाचे हात लागतात त्याच्या बुडाशी त्याचेही नाव कोरले जाते, त्याच्याच हाताने. सकाळच्या मुठींवर मात्र फक्त तारीख.

प्रदर्शनाच्या नोंदवहीत पुष्कळांनी मला लढवय्यी म्हटले आहे, आजारावर मात केली असे लिहिले आहे. त्यामागचा स्नेह मला कळतो आणि मी तो मनापासून स्वीकारते. पण मी मात केलेली नाही, औषधे चालू आहेत आणि ती थांबवली तर काय होईल हे मला ठाऊक आहे. दर आठवड्याला फोन करणाऱ्या एका बाईंनी, त्यांनाही हाच आजार आहे, वेगळे लिहिले होते: "१४ फेब्रुवारीची मूठ हातात घेतली. माझी सकाळ अशीच असते." एवढेच वाक्य. त्या तारखेची मूठ मी त्यांना देऊन टाकली. मालिकेत आता तिथे एक जागा मोकळी आहे.

डॉक्टरांना एकदा विचारले होते की या २८ मध्ये पाय का नाहीत. घोटे दुखतात, तळव्याच्या पुढच्या भागात सकाळी पहिले पाऊल टाकताना काचेवर उभे राहिल्यासारखे होते, आणि मोजणीत ते कुठेच नाही. त्यांनी सांगितले की मोजणी आटोपशीर आणि सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ते वगळले आहेत, तपासायला मात्र आम्ही पाय तपासतो. दोन घोटे आणि दोन्ही पायांच्या बोटांच्या मुळाचे १० सांधे मिळून १२. सध्या त्या बारांवर काम चालू आहे. यात कोणाचा अंगठा नाही. सकाळी पलंगावरून उतरायच्या जागी रात्रीच ओल्या मातीची एक फरशी मांडून ठेवते आणि पहिले पाऊल तिच्यावर टाकते. आतापर्यंत नऊ फरश्या झाल्या आहेत. दोन वाळताना तडकल्या, कारण टाचेकडे माती फार पातळ झाली होती आणि बोटांकडे जवळजवळ तशीच जाड राहिली होती. मी बोटांवर भारच देत नाही हे त्या तड्यांवरून कळले. त्या मुलाने सुचवले आहे की मातीत थोडा भाजलेल्या विटांचा चुरा मिसळावा म्हणजे आटताना ओढ कमी बसेल. उद्याची फरशी त्या मिश्रणाची आहे, फडक्याखाली ठेवली आहे. पाऊस थांबून हवा कोरडी होईपर्यंत भट्टी लावायची नाही असे आम्ही ठरवले आहे.